बुरशीची शिदोरी आणि ८० वातावरणांचा दाब

भातावरचा करपा कोकणातील शेतकऱ्यांच्या चांगल्या परिचयाचा आहे. पानावर डोळ्याच्या आकाराचे, मध्ये राखी व कडेने तपकिरी असे ठिपके पडतात. मॅग्नापोर्थे ओरायझी या बुरशीमुळे हा रोग होतो. तिचा बीजाणू तीन पेशींचा असतो. तो ओल्या पानावर पडला की त्यातून बारीक नळी निघते व तिच्या टोकाशी घुमटासारखी पेशी तयार होते. शास्त्रीय भाषेत तिला अ‍ॅप्रेसोरियम म्हणतात. आपण घुमटच म्हणू.

पानाच्या मेणचट, चिवट आवरणाला हा घुमट भोक पाडतो, आणि तेही मुख्यतः दाबाने. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत या बुरशीने प्लॅस्टिकचा टणक पापुद्राही भेदला. दाब भरला सुमारे ८ मेगापास्कल, म्हणजे जवळजवळ ८० वातावरणे. मोटारीच्या चाकातील हवेचा दाब जेमतेम २ वातावरणे असतो!

एवढा दाब येतो कोठून? घुमटात ग्लिसरॉल साठते, लिटरला सुमारे ३.२ मोल. त्यामुळे परासरणाने बाहेरचे पाणी आत शिरते. आता थोडे गणित करू. ०° सेल्सियसला व १ वातावरण दाबाखाली १ मोल वायू २२.४ लिटर जागा व्यापतो, हे तुम्हांस ठाऊक आहेच. तोच वायू १ लिटरमध्ये कोंबला तर दाब २२.४ वातावरणे होईल. २५° सेल्सियसला सुमारे २४.५. व्हांट हॉफ यांनी दाखवून दिले, की द्रावणाचा परासरण दाबही याच हिशेबाने काढता येतो. ३.२ ला २४.५ ने गुणा : ७८ वातावरणे. इतक्या दाट द्रावणाला हा नियम काटेकोरपणे लागू पडत नाही, पण अंदाजाला पुरेसा आहे.

ग्लिसरॉल गळून जाऊ नये म्हणून घुमटाच्या भिंतीत मेलॅनिनचा काळा थर असतो. ट्रायसायक्लॅझोल हे औषध हा थरच तयार होऊ देत नाही. मग घुमट पानात शिरू शकत नाही.

पण पानावर बीजाणूला अन्न मिळत नाही. मग ग्लिसरॉलचा कच्चा माल कोठला? बीजाणूने बरोबर आणलेली शिदोरी : ग्लायकोजेन आणि चरबी. येथे स्वभक्षण उपयोगी पडते. उपाशी पेशी स्वतःचेच घटक पटलात गुंडाळून रिक्तिकेत नेते व पचवते. जपानचे योशिनोरी ओसुमी यांनी यीस्टमध्ये या क्रियेचा उलगडा केला. त्यांना २०१६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. यीस्ट हे उपासात तगून राहण्यासाठी करते. करप्याची बुरशी मात्र शेवटच्या टोकाला जाते : एक केंद्रक घुमटात पोहोचते आणि मागे राहिलेल्या तिन्ही पेशी केंद्रकांसह पचून जातात.

हे मरण खरोखरच आवश्यक आहे काय? इंग्लंडमधील एक्सेटर विद्यापीठातील निकोलस टॅलबट व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली ते तपासले. स्वभक्षणास लागणारे एक जनुक त्यांनी बुरशीतून काढून टाकले. घुमट तयार झाले, बीजाणूच्या पेशीही जिवंत राहिल्या. पण भाताला रोग मात्र झाला नाही.