परदेशी रामेन : दुकानात मांडण्याआधी घरी चाखून पाहा

नारायणगडच्या रस्त्यावर किराणा दुकान चालविणाऱ्या आमच्या एका भावाने मुंबईहून जपानी रामेनची चार प्रकारची पाकिटे आणली. कॉलेजात जाणारी मुले मोबाइलवर पाहून मागणी करतात आणि एक पाकीट आपल्याकडच्या नूडल्सच्या कितीतरी पट दराने जाते. तेव्हा हा माल भरावा काय, असे त्याने आम्हाला विचारले. त्याच्या गिऱ्हाइकांत आपली बिरादरी आहे, तसेच गडावर जाणारे माळकरीही आहेत. आम्ही चारही पाकिटे घरी नेली.

प्रथम वस्तू काय आहे ते समजून घ्यावे. १९५८ साली जपानमधील इकेदा येथे मोमोफुकू आंदो यांनी वाफवलेल्या शेवया तेलात तळून त्यांतील पाणी घालविण्याची रीत काढली. तळताना पाणी वाफ होऊन निघून जाते व शेवईत बारीक छिद्रे राहतात. उकळते पाणी त्याच छिद्रांतून आत शिरते, म्हणून ती तीन मिनिटांत शिजते. तिचा पिवळसर रंग व लवचिकपणा सोडियम आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या क्षारांमुळे येतो. आपण पापडाच्या पिठात पापडखार घालतो, त्याच जातीचे हे काम. (शेवईचे यंत्र असलेल्या भावांनी हे ध्यानात ठेवावे. ईद सरली की त्यांचे यंत्र बराच काळ झाकून असते.)

खरी गोम मसाल्याच्या पुडीत आहे. 'टोन्कोत्सु' म्हणजे डुकराच्या हाडांचा रस्सा. ते नाव दिसताच पाकीट बाजूला ठेवावे, एवढे ते सोपे. परंतु सोया सॉसचा 'शोयु', आंबवलेल्या सोयाबीनचा 'मिसो', इतकेच काय, मासळीचे चित्र असलेल्या प्रकारांतही डुकराचा अर्क, चरबी, जिलेटिन किंवा मिरीन नावाची तांदळाची गोड दारू असू शकते. जपानी नियमानुसार गहू, अंडी, दूध, कोळंबी यांसारखे ॲलर्जीकारक पदार्थ छापणे सक्तीचे आहे. डुकराचे मांस व जिलेटिन यांची मात्र केवळ शिफारस आहे. त्यामुळे ॲलर्जीच्या यादीत डुक्कर दिसले तर ते आहेच, पण दिसले नाही म्हणून निर्धास्त होता येत नाही. मोबाइलच्या कॅमेऱ्याने जपानी अक्षरांचे भाषांतर होते, पण ते कच्चे असते. त्याच्या भरवशावर माल भरू नये.

रीतसर आयात झालेल्या पाकिटावर आयातदाराचे नाव-पत्ता, अन्न परवान्याचा क्रमांक आणि शाकाहारी-मांसाहारी खूण असलेली चिठ्ठी हवी. हिरवी खूण असली तर माळकऱ्याचे समाधान होईल. आपले मात्र तेवढ्याने होत नाही, कारण मद्याबद्दल ती खूण काहीच सांगत नाही. तपकिरी खूण मांसाहार सांगते, पण जनावर कोणते आणि जबिहा झाला की नाही ते सांगत नाही. म्हणून मान्यताप्राप्त हलाल मोहोर पाहावी. सोया सॉस आंबताना आपोआप तयार होणाऱ्या अल्कोहोलबद्दल शंका असेल तर आपल्या आलिमांना विचारावे.

आमच्या चार पाकिटांपैकी एक टोन्कोत्सु निघाले. दुसऱ्यावर भारतीय चिठ्ठीच नव्हती. तिसरे कोंबडीच्या अर्काचे, हलाल मोहोर नसलेले. हिरवी खूण आणि हलाल मोहोर दोन्ही असलेले मिसोचे एकच पाकीट आमच्या चुलीपर्यंत पोचले.

चाखण्याची रीत अशी. अर्धा लिटर पाण्यात शेवई मसाल्याविना उकळावी व आधी वास घ्यावा. तेल खवट झाले असेल तर ते येथेच कळते, मसाला पडल्यावर कळत नाही. तीन मिनिटांनी एक घास खावा, सहा मिनिटांनी दुसरा. चांगली शेवई दुसऱ्या घासालाही लगदा होत नाही. मसाला वेगळ्या वाटीत गरम पाण्यात कालवून चाखावा. आमची शेवई उत्तम होती, रस्सा मात्र खारट आणि वर गोडसर. मुलांना आवडला, अम्मींनी वाटी सरकवली. अशा एका पाकिटात बहुधा पाच-सहा ग्रॅम मीठ असते. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे असे सांगते.

म्हणून दुसऱ्या दिवशी शेवई वेगळी उकळून पाणी टाकून दिले आणि मसाला निम्माच घेतला. रस्सा घरच्या कोंबडीच्या यखनीचा केला. त्यात थंड पाण्यात कालवलेले चमचाभर येसर सोडले, तिळाच्या तेलात तळलेला लसूण आणि कांद्याची पात घातली. मिसोचा मसाला भांडे उतरवल्यावरच घालावा, उकळला की त्याचा सुवास उडतो. येसरने रस्सा दाट झाला आणि गोडसरपणा झाकला गेला. दोन चमचे घातले तेव्हा मात्र ती येसर आमटीच झाली! शाकाहारी गिऱ्हाइकासाठी यखनीऐवजी मटकी शिजवलेले पाणी वापरून पाहिले, तेही जमले.

साठवणुकीबद्दल दोन गोष्टी. जपानी पाकिटावर तारीख वर्ष, महिना, दिवस अशा क्रमाने असते, आपल्या सवयीने वाचली तर फसगत होते. दुसरे म्हणजे, ही पाकिटे अत्तर, अगरबत्ती वा डांबरगोळ्यांशेजारी ठेवू नयेत. २००८ साली जपानमध्येच कपातल्या नूडल्सना कपाटात ठेवायच्या कीडनाशक गोळ्यांचा वास लागल्याच्या तक्रारी आल्या होत्या. उन्हाळ्यात पत्र्याखालच्या दुकानात तेल लवकर खवटते, म्हणून थोडाच माल आणावा.

भावाला आम्ही हे सारे सांगितले. घाऊक व्यापाऱ्याने टोन्कोत्सुची व कोंबडीची पाकिटे बदलून दिली, बिनचिठ्ठीची मात्र परत घेतली नाहीत. ती डझनभर होती. कॉलेजच्या मुलांना गुपचूप देता आली असती. पण ओले धान्य ढिगाच्या आत ठेवणाऱ्या विक्रेत्याला पैगंबर मुहम्मद (स.) यांनी भर बाजारात टोकले होते, ती हदीस भावाला ठाऊक होती. पाकिटे त्याने फेकली व तोटा वहीत मांडला. आता त्याच्या फळीवर मिसोचीच पाकिटे आहेत, त्यांखाली घटकांची मराठी चिठ्ठी आणि शेजारी घरच्या येसरच्या पुड्या.