सावली नेमकी कुठे पडते?

पुण्यातल्या एका गृहसंकुलाच्या बागेचं काम. आराखडा झाला आहे, बाकं कुठे ठेवायची ते ठरायचं आहे. ओंकार आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला, लँडस्केप आर्किटेक्ट मृणालताईंच्या हाताखाली शिकतो आहे.

ओंकार : ताई, इमारती उभ्या केल्या, झाडं लावली, सावली चालू केली. मॉडेल तयार.

मृणालताई : कुठल्या गावात उभं केलंस?

ओंकार : पुण्यातच की!

मृणालताई : ते तुला माहीत आहे, स्केचअप सॉफ्टवेअरला सांगितलंस का? जागा दिली नाही, तर ते अमेरिकेतलं बोल्डर धरून चालतं. बोल्डर ४० अंश अक्षांशावर, पुणे साडेअठरावर. २१ डिसेंबरच्या मध्यान्ही आपल्याकडे सूर्य ४८ अंश उंच असतो, तिथे जेमतेम साडेसव्वीस. तुझ्या २१ मीटर उंच इमारतीची सावली इथे १९ मीटर पडेल, तिथे ४२. पडद्यावर दोन्ही सारख्याच खऱ्या वाटतात, म्हणून ही चूक कळत नाही.

ओंकार : आणि वेळ? मध्यान्ह बारालाच धरायची ना?

मृणालताई : नाही. आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची, पुणे चौऱ्याहत्तरच्याही किंचित पश्चिमेला. इथे मध्यान्ह होते साडेबाराच्या आगेमागे. आपलं घड्याळ ग्रिनिचपेक्षा साडेपाच तास पुढे, मॉडेलमध्ये यातला अर्धा तास सुटला तर सूर्य आपल्या वाटेवर साडेसात अंश सरकतो. उत्तरेचंही तसंच. सर्व्हेचा नकाशा कागदावर नीट बसावा म्हणून पुष्कळदा फिरवलेला असतो. उत्तरेचा बाण किती फिरलाय ते मोजायचं आणि मॉडेलची उत्तर तेवढीच फिरवायची.

ओंकार : जमीन मी सपाट धरली आहे.

मृणालताई : जागेला दोन मीटरचा उतार आहे, सपाट कशी चालेल? नकाशावरची प्रत्येक कंटूर रेषा, म्हणजे समान उंचीची रेषा, तिच्या उंचीवर उचल, मग त्यांवरून पृष्ठभाग बनव. उताराच्या दिशेने सावली लांबते, चढावर आखडते. उपग्रहावरून मिळणारी तीस-तीस मीटर चौकटींची उंची बागेच्या कामाची नाही. मात्र पश्चिमेला डोंगर असेल, तर तो किती आधी ऊन अडवतो हे तिच्यावरून कळतं. शेजारच्या इमारती नुसती खोकी म्हणून चालतील, खिडक्या-बाल्कन्या नकोत. पण त्यांची उंची खरी हवी, गच्चीवरच्या टाकीसकट.

ओंकार : झाडं तरी बरोबर आहेत. बाकाच्या दक्षिणेला लावली आहेत, सूर्य दक्षिणेकडून येतो म्हणून.

मृणालताई : हिवाळ्यात येतो. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत पुण्यात मध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. आता १५ मे, दुपारचे साडेचार लाव. काय दिसतं?

ओंकार : सूर्य जवळजवळ पश्चिमेला. थोडा उत्तरेकडेच! उंची ३४ अंश.

मृणालताई : म्हणजे सावली उंचीच्या दीडपट, पूर्वेकडे. समज, झाड आठ मीटरचं आणि पानं जमिनीपासून तीन मीटरवर सुरू होतात. मग पानांची सावली बुंध्यापासून साधारण साडेचार ते बारा मीटरवर पडणार. बुंध्याशी बसलेल्या आजोबांच्या तोंडावर ऊन, आणि सावली पलीकडच्या रिकाम्या हिरवळीवर. म्हणून झाड बाकाच्या पश्चिमेला, आणि तेही अंतर मोजून. तू झाड म्हणून नुसता गोळा काठीवर ठेवलास, तर हे दिसायचं कसं? पानांचा पसारा कुठून सुरू होतो, किती रुंद आहे, हे प्रत्येक झाडाला द्यायला हवं. एकेक पान मात्र काढू नकोस. मॉडेल जड होईल, उत्तर तेच येईल.

ओंकार : वडाची आणि काटेसावरीची सावली सारखीच धरायची का?

मृणालताई : छे! वडाखाली ऊन फारसं झिरपत नाही. काटेसावर तर फुलते तेव्हा निष्पर्ण असते. म्हणून पानगळीच्या झाडांसाठी महिन्यागणिक वेगळा थर ठेव. शिवाय आज लावलेलं रोप आठ मीटरचं व्हायला वर्षं लागतात. पाचव्या वर्षाची उंची धरून एक वेगळं मॉडेल कर. तोवर मुलं कुठे खेळणार, याचं उत्तर त्यात मिळेल.

ओंकार : तारखा नेहमीच्याच घेतो, २१ मार्च, २१ जून, २१ डिसेंबर.

मृणालताई : ब्रिटनमध्ये २१ मार्चला मोकळ्या जागेच्या निम्म्या भागाला दोन तास ऊन मिळावं, अशी मार्गदर्शक अपेक्षा असते. त्यांना ऊन हवंय. आपल्याकडे २१ जूनला बहुधा आभाळ भरलेलं, त्या दिवशीचं लख्ख ऊन मोजून कोणाला उपयोग? एप्रिल आणि मेच्या दुपारी तपास. डिसेंबरची सकाळही घे, कारण तेव्हा म्हातारी माणसं कोवळं ऊन शोधत येतात.

ओंकार : एवढं करून मॉडेल खरं आहे हे कसं कळणार?

मृणालताई : जागेवर जा. दोन मीटरची काठी ओळंब्याने सरळ उभी कर. तारीख, मोबाइलवरची वेळ, सावलीची लांबी आणि दिशा लिहून आण. मग मॉडेलमध्ये तीच काठी, तीच वेळ. १५ मेच्या साडेचारला सपाट जागी सावली तीन मीटर यायला हवी.

ओंकार : आणि जुळली नाही तर?

मृणालताई : लांबी जुळते पण दिशा चुकते, तर मॉडेलची उत्तर दिशा तपास. दोन्ही चुकतात, तर गाव आणि घड्याळ. काठी जुळली पण इमारतीची सावली जुळत नाही, तर मजल्यांची उंची पुन्हा मोज.

ओंकार : उद्याच काठी घेऊन जातो.

मृणालताई : सकाळी एकदा आणि दुपारी एकदा मोज. एकच मोजणी योगायोगानेही जुळू शकते.