आधी होसूर, मग हॅनोव्हर

मी परदेशी शिक्षणाबाबत सल्ला देते. जून उजाडला की मला तोच फोन येतो. बाबा वेगळे, प्रश्न तोच. "मॅडम, मुलाचं बीई झालं. जर्मनीत शिक्षण फुकट असतं ना?" मागून आईचा आवाज, "आणि जेवणाचं विचारा हो."

फुकट नसतं. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही, हे खरं. पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात भारतीय विद्यार्थ्याला सत्राला १,५०० युरो भरावे लागतात आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही आता फी लावली आहे. व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे पैसे ब्लॉक्ड अकाउंटमध्ये आधीच दाखवायचे. सप्टेंबर २०२४ मध्ये ही रक्कम ११,९०४ युरो झाली, म्हणजे महिन्याला ९९२. युरो शंभर रुपये धरा, बारा लाखांच्या घरात गेलात.

जेवणाच्या प्रश्नावर मी उलट विचारते, "मुलाला कुकर लावता येतो?" इथे फोन गप्प होतो.

बाकी देशांचं थोडक्यात सांगते. अमेरिकेला कर्ज पेलणार असेल तरच जा. इंग्लंडचं मास्टर्स बहुधा एका वर्षाचं, रुळेपर्यंत संपतं. कॅनडाने २०२४ पासून स्टडी परमिटच्या संख्येला कात्री लावली आहे. देश कुठलाही निवडा. माझं भांडण निकालानंतर चार महिन्यांत मुलाला विमानात कोंबण्याच्या घाईशी आहे.

मी स्वतः जर्मनीला अशीच घाईत गेले होते. शनिवारी रात्री उतरले. रविवारी सकाळी दूध-ब्रेड आणायला निघाले तर अख्खी गल्ली बंद. जर्मनीत रविवारी दुकानं उघडत नाहीत हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही कोणाला विचारलं नव्हतं. आईच्या दशम्यांवर दिवस निघाला. इथवर गंमत होती. मग नव्या घराचा पत्ता दोन आठवड्यांत नगरपालिकेत नोंदवायचा, त्याला घरमालकाचं सहीचं पत्र लागतं, आणि नोंदणीचा कागद पुढे जिथे तिथे मागतात. तेविसाव्या वर्षापर्यंत माझं पासबुकसुद्धा बाबा भरून आणत. खिडकीपाशी माझा नंबर आला, घरमालकाचं पत्र नव्हतं, मी रडायला लागले. समोरच्या बाईंनी टिश्यूचा डबा पुढे सरकवला आणि त्यासोबत अपुरा अर्जही परत दिला. त्या चिडल्या नव्हत्या की विरघळल्याही नव्हत्या. पुढच्या वेळी पत्र घेऊन गेले, दहा मिनिटांत काम झालं. तिकडे जमवून घेणं म्हणजे बरंचसं हेच असतं. थंडी, भाषा, अन्न यांची सवय होते. आपलं काम आपणच करायचं, ही सवय मात्र घरून न्यावी लागते.

आणि अपयश घरी सांगण्याची सवय. माझ्या सल्ल्याने तिकडे गेलेल्या, सांगलीकडच्या एका मुलाची गोष्ट सांगते. तिकडे बऱ्याच विषयांत सगळे गुण सत्राअखेरच्या एकाच पेपरवर असतात. गुणांची उतरंडही उलटी: १.० सर्वोत्तम, ४.० काठावर पास, ५.० नापास. पोराने घरी खरं तेच सांगितलं, "पाच मिळाले." वडिलांना वाटलं, पाचपैकी पाच. त्यांनी पेढे वाटले. पोराने चूक दुरुस्त केली नाही. दुसऱ्या वेळीही तो नापास झाला, तेव्हा तेही सांगितलं नाही. अनेक अभ्यासक्रमांत तीनच संधी असतात. तिसरी गेली तर तो अभ्यासक्रम संपला. रोज व्हिडिओ कॉल व्हायचा. फोन असा धरलेला असायचा की मागची खरकटी भांडी दिसू नयेत. वडील रोज विचारायचे, "पार्टटाइम लागला का? हप्ता सुरू होईल." वाईट माणूस नव्हे, घर गहाण टाकलेला माणूस. पण ज्या घरात पेढ्यांशिवाय दुसरी बातमी चालत नाही, तिथे मुलं बातमीच देत नाहीत. शेवटी त्याने मध्यरात्री मला फोन केला. वडिलांना सांगायला अजून आठवडा लागला.

न आवडणारं सांगायची हिंमत कुठून येते? मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे १९२८ साली बर्लिनला गेल्या, त्याला सासऱ्यांचा, खुद्द महर्षी कर्व्यांचा, विरोध होता. तिथे त्यांनी आपल्या मार्गदर्शकाच्या गृहीतकाच्या विरुद्ध जाणारा निष्कर्ष प्रबंधात मांडला आणि डॉक्टरेट घेऊन परतल्या. आपली मुलं प्राध्यापकाला "समजलं नाही" एवढंही सत्रभर म्हणत नाहीत. पण लक्षात घ्या, इरावतीबाई वयाच्या सातव्या वर्षी ब्रह्मदेशातलं घर सोडून पुण्यात हुजूरपागेच्या वसतिगृहात आल्या होत्या. बर्लिन हे त्यांचं पहिलं परगाव नव्हतं.

म्हणून माझा आवडता, कोणालाच न आवडणारा सल्ला: आधी एक वर्ष होसूर. किंवा श्रीपेरुंबुदूर, किंवा साणंद. कारखान्यात मिळेल ती नोकरी घ्या, जिथे मराठी चालत नाही अशा गावात. पुणे नको. पुण्यात मावशी असते आणि मावशीकडे डबा असतो. खोली स्वतः शोधायची, भाडेकरार वाचून सही करायची, ताप आला तर दवाखाना स्वतः गाठायचा, बिल न भरणाऱ्या रूममेटशी स्वतः भांडायचं. संध्याकाळी ऑनलाइन जर्मन, बी-वन पातळीपर्यंत. अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी तिकडचा घरमालक आणि बेकरीवाला जर्मनच बोलतो. विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं, पण ते काम भाषा येणाऱ्याला आधी मिळतं.

"पण मॅडम, गॅप पडेल." नोकरीच्या वर्षाला गॅप म्हणत नाहीत, अनुभव म्हणतात. अर्जात त्याला रकाना आहे. उलट, तिकडे जाऊन वाया गेलेल्या सत्राला रकाना नसतो आणि त्याचे पैसे युरोत जातात. होसूरला मूल रडलं तर रात्रीच्या बसने घरी येऊ शकतं. आणि त्या वर्षात त्याला कळलं की आपल्याला मुळी जायचंच नाही, तर तुमचे बारा लाख वाचले. हेही उत्तरच आहे, अपमान नव्हे.

पालकांना एवढंच सांगते: मुलाचे अर्ज तुम्ही भरू नका, त्याचा पासवर्ड तुमच्याकडे ठेवू नका आणि मलाही तुम्ही फोन करू नका. त्यालाच करू द्या. बाबांचा फोन आला तर मार्क विचारण्याआधीच माझं उत्तर ठरलेलं आहे: होसूर.