काम मागायला जाताना



हप्ते गोळा झाले, वही लिहून झाली की सध्या गटाच्या बैठकीत एक विषय हमखास निघतो. काम. कोणाची मुलगी बारावी करून, कॉम्प्युटरचा कोर्स करून दोन वर्षं घरी आहे. कोणाच्या नवऱ्याला कंपनीने ‘उद्यापासून येऊ नका’ म्हणून सांगितलंय. कोणी स्वतःच एमआयडीसीत, शाळेत, दवाखान्यात अर्ज दिलाय आणि फोनकडे डोळे लावून बसलीय. जागा चार आणि अर्जांचा ढीग, अशी गत. दोन-तीन ठिकाणी नकार आला की चांगली बोलकी बाई गप्प होते. ‘मला येतंच काय’ म्हणायला लागते. या महिन्याचा पाठ तिच्यासाठी आहे, आणि तो आपण मुंबईच्या गिरणगावाकडून घेणार आहोत.

परळ, लालबाग, दादर ही नावं आपल्याला परकी नाहीत. कोकणातून, घाटावरून कितीतरी घरांतला एक माणूस ‘मुंबईला गिरणीत’ असायचा. त्याची मनिऑर्डर यायची. घरच्यांना वाटायचं, याची नोकरी पक्की. पण त्यातले बरेच जण आधी कित्येक वर्षं ‘बदली’ कामगार होते. म्हणजे काय, ते नीट समजून घेऊ.

बदली कामगाराने पाळी सुरू व्हायच्या आधी गिरणीच्या गेटवर जाऊन उभं राहायचं. एखाद्या कायम कामगाराने खाडा केला, तर त्याच्या जागी त्या दिवसापुरतं काम मिळायचं. खाडा झालाच नाही, तर आल्या पावली खोलीवर परत. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेटवर. १९३५ साली मुंबईच्या गिरणी मालकांनी यासाठी बदलीचं कार्ड सुरू केलं. महिन्याच्या पहिल्या तारखेला ठरावीक लोकांना कार्ड द्यायचं, त्यांनी रोज हजेरी लावायची आणि रिकामी जागा त्यांच्यातूनच भरायची. त्याआधी सगळा कारभार जॉबरच्या हातात असे. कोणाला आत घ्यायचं, कोणाला नाही, हे तो ठरवी आणि त्याबद्दल ‘दस्तुरी’ घेई. बायका सूत गुंडाळायच्या खात्यांत असत, वाइंडिंग आणि रिलिंग म्हणत त्याला. तिथे त्यांच्यावर नायकीण असे, आणि तिचेही हात ओले करावे लागत.

आता विचार करा. सकाळी गेटवरून परत फिरलेल्या बदली कामगाराला त्या दिवशी काय कळलं? आज खाडा झाला नाही, एवढंच. त्याला साचा चालवता येत नाही, असं कोणी म्हटलं नव्हतं. जागा नव्हती. भाडं थकलेलं असायचं, वाण्याची उधारी असायची, त्यामुळे परत फिरताना पोटात गोळा यायचाच. तो काही हसत घरी जात नव्हता. पण जागा नसणं आणि आपल्याला काम न येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याला रोजच्या रोज दिसत होतं, कारण बाजूला त्याच्यासारखेच इतर उभे होते. आपल्याला ते दिसत नाही. आपण मोबाईलवर अर्ज भरतो, उत्तर येत नाही, आणि घरात एकटीला वाटतं की नकार फक्त मलाच आला.

गिरणीतल्या बायकांचंही असंच झालं. सूत गुंडाळायची सुधारित यंत्रं आली, खाती आटली आणि बायकांच्या जागा वर्षांवर्षाला कमी होत गेल्या. त्यांचे हात काही आदल्या दिवसापेक्षा अडाणी झाले नव्हते.

मग आला १८ जानेवारी १९८२. त्या दिवसापासून मुंबईच्या गिरण्यांमधले सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालचा तो संप रीतसर मागे घेतला असं कधी जाहीरच झालं नाही. हजारोंना परत कामावर घेतलं गेलं नाही, कित्येक गावी परतले. वीस वर्षं मागावर काढलेल्या माणसाला शहरात त्याच कसबाचं दुसरं काम मिळेना. घर चालवायला बायका बाहेर पडल्या. कोणी धुणीभांडी धरली, कोणी शिवणकाम, कोणी मसाला, कोणी डबे. तोवर यातल्या बऱ्याच जणी विचारलं तर ‘मी काही करत नाही, घरीच असते’ असंच सांगणाऱ्या होत्या.

या ‘घरीच असते’ वर जरा थांबू, कारण गिरणगावातल्या खानावळवाल्या बायांनी तेच वाक्य आधी मोडून दाखवलं होतं. गावाहून एकटे आलेले कामगार एकेका गाळ्यात दाटीवाटीने राहत आणि आसपासच्या एखाद्या बाईकडे जेवत. पैसे महिन्याच्या पगाराला. तोवर वाण्याचा माल उधारीवर, अडलं तर सावकार. संप झाला की कामगारांचा पगार बंद, पण त्यांची भूक चालू, आणि बाई वाढतच राहायची. बँकेत गेलं तर तारण काय, हा प्रश्न. तिच्याकडे ना घर नावावर, ना सोनं. १९७५ साली कामगार चळवळीतल्या कार्यकर्त्या प्रेमा पुरव यांनी या बायांना एकत्र केलं. सुरुवातीला १४ जणी होत्या. त्यातून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं आणि बायांना बँकेचं कर्ज मिळू लागलं. पुढे २००२ मध्ये प्रेमाताईंना पद्मश्री मिळाली.

तारण नसलेल्या बाईजवळ होतं काय? काम होतं, आणि त्या कामाचा हिशेब मांडता येत होता. समजा तिच्याकडे वीस माणसं जेवतात. दोन वेळची मिळून दिवसाला चाळीस ताटं, महिन्याला बाराशे. पाळ्या वेगवेगळ्या, म्हणजे पहाटेपासून रात्रीपर्यंत चूल. खाडे कापून प्रत्येकाचा हिशेब तोंडपाठ. हे ‘घरकाम’ म्हटलं की कोणी ऐकत नाही. बाराशे ताटं म्हटलं की समोरचा मान वर करून बघतो.

तुमचंही तसंच मोजा. मुलाखतीत ‘अनुभव काय?’ विचारलं की आपण पटकन ‘काही नाही’ म्हणून मोकळ्या होतो. गटाची सचिव तीन वर्षं वही लिहिते, दर महिन्याला बचत गोळा करते, बँकेत भरणा करते, कर्जाचे हप्ते वेळेत येतात की नाही बघते, थकलेल्या बाईच्या घरी जाऊन न भांडता वसुली करते. हा अनुभव नाही? किती जणींचा गट, किती वर्षं, किती रक्कम हाताखालून गेली, हे आकडे आपल्याच वहीत आहेत. बघून घ्या आणि तेच सांगा. फुगवून मात्र सांगू नका. पुढचा प्रश्न आला की फजिती होते, आणि खरं आहे तेवढं पुरेसं असतं.

अशा वेळी पापड लाटायचा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. गिरगावात १५ मार्च १९५९ ला सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला घेतले आणि त्यातून लिज्जत उभं राहिलं, ही गोष्ट खरी आणि मोठीच आहे. पण जिला नोकरी हवी आहे तिने नोकरीच शोधावी. तिला पापडाकडे वळवणं हे तिच्या शिक्षणावर पाणी ओतणं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. त्या सात जणींकडून घ्यायचं ते एवढंच की त्या सात होत्या.

म्हणून अर्ज द्यायला, मुलाखतीला शक्यतो दोघी जा. दोघींनाही नकार आला तर एसटीत बसून निदान बोलता येतं. झेरॉक्स, फोटो, प्रवास यांचा खर्च वाढतो आणि घरी मागायची लाज वाटते. त्यासाठी गटातून छोटं अंतर्गत कर्ज घ्यायला काहीच हरकत नाही. अर्ज कुठे, कोणत्या तारखेला दिला, काय उत्तर आलं, हे वहीच्या मागच्या पानावर लिहा. आणि घरातल्या मोठ्यांनो, काम शोधणाऱ्याला रोज संध्याकाळी ‘झालं का काही?’ विचारू नका. झालं असेल तर ती सांगेलच की.

जॉबरची दस्तुरी मात्र अजून संपलेली नाही, फोनवर आली आहे. ‘तुमची निवड झाली, रजिस्ट्रेशनचे पैसे पाठवा’, ‘युनिफॉर्मचे भरा, पगारात परत मिळतील’ असे मेसेज येतात. परीक्षेची फी असते, पण ती जाहिरातीत छापलेली असते आणि पावती मिळते. कोणाच्या खासगी नंबरवर पैसे मागितले तर तो फसवणारा, मग बोलणं कितीही गोड असो. थकलेला माणूस अशा वेळी लवकर विश्वास ठेवतो, हे त्यांना पक्कं माहीत असतं. पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका, लगेच १९३० या नंबरवर तक्रार करा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणं अवघड.

पुढच्या बैठकीत हे करून बघा. प्रत्येकीने उभं राहून आपलं काम आकड्यांत सांगायचं, दोन मिनिटं. रोजची भाकरी किती, जनावरं किती, मजुरीचे दिवस किती, गटातलं काम काय. एकीने साहेब होऊन आडवेतिडवे प्रश्न विचारायचे. सचिवाने ते वहीत उतरवायचं आणि जिचं तिला वाचून दाखवायचं. जिची मुलगी किंवा सून काम शोधत असेल, तिने त्या दिवशी तिलाही सोबत आणावं.