पोटातील गडबड आणि दिवस गेल्याची शंका

सून म्हणाली पोट गच्च झाले, अन्नावर वासना नाही, शौचास साफ होत नाही, की घरातील जाणत्या बायका बोटांवर दिवस मोजू लागतात. कधी पेढ्यांची भाषाही सुरू होते. आठवड्याने पाळी येते आणि त्या मुलीला कोणाला तोंड दाखवू नये असे होते. उलट काही घरी ‘पित्त झाले’ म्हणून तिला एरंडेल पाजतात, दुकानातून मिळेल ती गोळी आणून देतात, आणि दिवस खरोखरच गेलेले असतात. दोन्ही प्रकार टाळता येण्यासारखे आहेत.

स्त्रीच्या अंडाशयातून बहुधा दर महिन्यास एक बीज सुटते, ते पुढच्या पाळीच्या सुमारे १४ दिवस आधी. मागच्या पाळीपासून १४ दिवस मोजण्याची रीत २८ दिवसांच्या पाळीलाच लागू पडते. पाळी ३५ दिवसांची असेल तर बीज २१ व्या दिवसाच्या सुमारास सुटते. बीज सुटलेल्या जागी एक पिवळट गाठ तयार होते. तिला पीतपिंड म्हणतात. त्यातून प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक रक्तात उतरते. गर्भाशयाचे अस्तर तयार ठेवणे व त्याचे स्नायू शांत राखणे हे त्याचे काम. परंतु रक्तातून ते सगळीकडेच जाते. आतड्याचे स्नायूही त्याने सैलावतात, अन्न सावकाश सरकते, वायू धरतो, मलावरोध होतो. जठराच्या वरच्या तोंडाची पकड ढिली होऊन छातीत जळजळते. एरवी पचणारे दाल-बाफले त्या दिवसांत छातीवर बसतात.

आता महत्त्वाची गोष्ट अशी की हा पीतपिंड दिवस राहिले तरी तयार होतो आणि न राहिले तरी होतो. गर्भ राहिलाच, तर तो गर्भाशयात रुजायला बीज सुटल्यापासून सहा ते दहा दिवस लागतात, आणि त्यानंतरच गर्भाचे स्वतःचे संप्रेरक आईच्या रक्तात येते. तेव्हा चौथ्या दिवशीच्या पोटफुगीवरून काहीच सांगता येत नाही. गरोदरपणातील खरी मळमळ बहुधा शेवटच्या पाळीपासून पाचव्या-सहाव्या आठवड्यात, म्हणजे पाळी चुकल्यानंतर, सुरू होते.

गोठ्यात गाय असणाऱ्यांना हे लवकर पटेल; भगिनींनी तुलनेचा राग मानू नये. गाय भरवल्यावर ती वैरण किती खाते यावरून तिला कोणी गाभण ठरवीत नाही. सुमारे २१ दिवसांनी ती पुन्हा माजावर येते का ते आपण पाहतो, आणि पुढे पशुवैद्याकडून तपासून घेतो. तिच्या अंडाशयातही असाच पीतपिंड असतो. आपल्या महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात, जे १९५५ साली निघाले, विद्यार्थ्यांना तो हाताने चाचपायला शिकवतात. गायीच्या बाबतीत जो धीर आपण धरतो तो सुनेच्या बाबतीत का धरू नये?

नैसर्गिक कुटुंबनियोजन शिकलेल्या जोडप्यांपाशी आणखी एक साधन आहे. बीज सुटल्यावर सकाळचे तापमान किंचित वाढते व पाळीपर्यंत टिकते. ते १८ दिवसांहून अधिक टिकले तर दिवस गेल्याची शक्यता बरीच. बाकीच्यांनी पाळीची तारीख उलटू द्यावी आणि सकाळच्या पहिल्या लघवीची तपासणी करावी. आशाताईंकडे ‘निश्चय’ नावाची सरकारी पट्टी असते. उत्तर ‘नाही’ आले व पाळीही आली नाही, तर आठवड्याने पुन्हा तपासावे.

तोवर काय करावे? दिवस गेले आहेत असे धरूनच वागावे. एरंडेल व कडक जुलाब नकोत. जंताची गोळी, अंगदुखीची गोळी डॉक्टरांना शंका सांगितल्याशिवाय घेऊ नये. काही गोळ्या, वरवर पोटाच्या अल्सरवरच्या, गर्भाशय आवळणाऱ्याही असतात. शौचासाठी नीमच-मंदसौरकडे पिकणारा इसबगोल रात्री भरपूर पाण्यातून घ्यावा, तो चालतो. थोडे थोडे, चार-पाच वेळा खावे, शेव आणि मिरची जरा आवरावी. मूल हवे असेल तर फॉलिक ॲसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी डॉक्टरांना विचारून आधीपासूनच रोज घ्यावी. सोयाबीनवरील फवारणी तिच्याकडे देऊ नये, फवारणीचे कपडेही तिला धुवायला लावू नयेत.

एका बाबतीत मात्र थांबायचे नाही. पाळी चुकली आहे आणि ओटीपोटात एका बाजूस कळ येते, डाग दिसतो, चक्कर येते किंवा खांदा दुखतो, तर गर्भ नळीत राहिला असण्याची भीती असते. नळी फुटली तर पोटात रक्तस्राव होऊन थोड्या तासांत जीव जाऊ शकतो. हिंगाचे पाणी, शेक यांत वेळ न घालवता १०८ ला फोन करावा आणि रुग्णालयात पोहोचताच पाळी चुकल्याचे सर्वांत आधी सांगावे. सासूबाईंसमोर तिला ते बोलवत नसेल, तर नवऱ्याने सांगावे.