मोठ्या कंपनीची सप्लाय चेन प्रामाणिक कशी होते? आणि त्यात तुम्ही कुठे बसता?

या आठवड्याच्या व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून राहिलेलं इथे नीट लिहून देते. वही-पेन घेऊन बसा.

आधी माझीच गोष्ट. माझं दुकान युनिफॉर्म आणि कापडी पिशव्यांचं. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या कंपनीकडून दिवाळी भेटीसाठी 3,000 पिशव्यांची ऑर्डर आली. मी 38 रुपये भाव दिला, त्यांनी 34 वर आणला. डिझाइन पास करायला त्यांनी 12 दिवस घेतले, पण डिलिव्हरीची तारीख एक दिवसही पुढे सरकवली नाही. पेमेंट आलं 104 दिवसांनी.

आता बघा, हा भार शेवटी कुणावर पडला? माझ्याकडे शिवणाऱ्या मावशींवर. नगामागे 7 रुपये ठरले होते, मी 6 दिले. त्या रात्री बारापर्यंत मशीनवर बसल्या. त्यांचे पैसेही मी उशिराच दिले. आणि गंमत म्हणजे त्याच कंपनीच्या फॉर्मवर मी सही केली होती, "आमच्याकडे जादा कामाची सक्ती नाही." कंपनीच्या कागदावर सगळं स्वच्छ!

कागदावर स्वच्छ असणं पुरेसं का नाही?

24 एप्रिल 2013. बांगलादेशात ढाक्याजवळ सावार इथे राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली. आत कपड्यांचे अनेक कारखाने होते. 1,100 हून जास्त माणसं गेली. आदल्या दिवशीच भिंतींना तडे दिसले होते. खालच्या मजल्यावरच्या बँकेने आपल्या लोकांना घरी पाठवलं, शिलाई कामगारांना मात्र कामावर बोलावलं गेलं. तिथल्या काही कारखान्यांचं ऑडिट आधी झालेलं होतं. पण ते ऑडिट इमारतीच्या मजबुतीचं नव्हतं. जे विचारलं नाही, ते कागदावर आलंच नाही.

त्यानंतर काय बदललं, त्यातून आपण पाच पायऱ्या शिकू.

1. साखळी ओळखा आणि उघड करा. आपला माल कुठे बनतो हे कंपनीला शेवटच्या टोकापर्यंत माहीत हवं. तिने ऑर्डर दिलेला कारखाना ही पहिली पायरी. तो कारखाना पुढे कुणाला काम देतो, कापड कुठून, कापूस कुठून, ही पुढची. 1990 च्या दशकात नायकीवर कामगारांच्या हालांवरून जोरदार टीका झाली. 2005 मध्ये त्यांनी आपल्या पुरवठादार कारखान्यांची यादी जाहीर केली. यादी उघड झाली की बाहेरचे लोकही लक्ष ठेवू शकतात.

2. तपासणी स्वतंत्र हवी. तारीख सांगून ऑडिट आलं की त्या दिवशी सगळे मास्क लावून बसतात, हजेरीचं दुसरं रजिस्टर बाहेर येतं. राणा प्लाझानंतर मे 2013 मध्ये ब्रँड आणि कामगार संघटनांनी 'बांगलादेश अकॉर्ड' हा करार केला. पुढे त्यात 200 हून जास्त कंपन्या आल्या. तो कायदेशीररीत्या बंधनकारक होता. इंजिनिअरांनी आग, वीज आणि इमारत तपासली आणि अहवाल जाहीर केले.

3. चूक सापडली की लगेच पळू नका. ऑर्डर तोडली तर कंपनीचं नाव वाचतं, पण कामगाराची रोजीरोटी जाते. अकॉर्डमध्ये दुरुस्तीसाठी पैशांची सोय व्हावी, ही ब्रँडचीही जबाबदारी धरली होती. आधी मुदत आणि मदत द्या. तरीही मालक सुधारलाच नाही, तर मग काम थांबवा.

4. कामगाराला बोलायला जागा द्या. तक्रार मालकाच्याच टेबलावर जाणार असेल, तर कोण करेल? अकॉर्डमध्ये बाहेरची तक्रार यंत्रणा होती. धोका दिसला तर काम नाकारायचा हक्कही होता.

5. स्वतःची खरेदी सुधारा. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात टाळली जाणारी पायरी हीच. परचेस मॅनेजरला शाबासकी फक्त भाव पाडल्याबद्दल मिळत असेल, तर भिंतीवरची पॉलिसी शोभेची. परवडेल असा भाव, डिझाइन उशिरा पास केलं तर तेवढीच वाढीव मुदत आणि वेळेवर पेमेंट, या तीन गोष्टी पाळल्या तर खाली बरंच काही आपोआप सुधारतं. माझ्या त्या ऑर्डरमध्ये तिन्ही चुकल्या होत्या.

यात तुमच्या कामाचं काय?

सेबीच्या नियमाने देशातल्या आघाडीच्या 1,000 लिस्टेड कंपन्यांना सामाजिक आणि पर्यावरणाच्या जबाबदारीचा अहवाल द्यावा लागतो. त्यामुळे त्यांचे फॉर्म तुमच्याकडेही येऊ शकतात. खरं तेच भरा.

दुसरं, एमएसएमईडी कायदा 2006 लक्षात ठेवा. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं पेमेंट लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, करार नसेल तर 15 दिवसांत द्यायचं असतं. उशीर झाला तर व्याज. शिवाय आयकर कायद्यात 43बी(एच) आल्यापासून, मुदत चुकवली तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत त्या कंपनीला तो खर्च वजा करता येत नाही. यासाठी उद्यम नोंदणी आधी करून ठेवा. एक मात्र सांगते, हे संरक्षण माल बनवणाऱ्यांना आणि सेवा देणाऱ्यांना आहे. नुसता माल घेऊन विकणाऱ्या व्यापाऱ्यांना नाही.

आणि तिसरं, आपल्या खालच्या माणसासाठी 'मोठी कंपनी' आपणच असतो. मी आता मावशींचा दर ऑर्डर घ्यायच्या आधी लिहून ठेवते आणि तो कापून भाव कमी करत नाही. पिशव्या माझ्या हातात आल्या की त्यांचे पैसे, वरून येवोत न येवोत. यामुळे गेल्या वर्षी एक ऑर्डर सोडावी लागली. वाईट वाटलं, पण त्या रात्री मशीनवर कुणी बसलं नाही.

गृहपाठ: तुमच्या एका वस्तूमागे किती हात लागतात ते लिहा. प्रत्येकासमोर दोन गोष्टी मांडा: त्याला किती मिळतात आणि किती दिवसांनी मिळतात. ज्या ओळीवर पेन अडखळेल, सुधारणा तिथूनच सुरू करा.

भेटू पुढच्या व्हिडिओत!