संग्रहाची वही

देगलूर

चि. निखिल,

कारखान्याच्या मिळकतीतून तू जुनी चित्रे आणि पोथ्या घेऊ लागलास, याचा घरात सर्वांत जास्त आनंद मला झाला. तुझ्या आईला मी समजावीन. पण पैठणच्या चित्रकथीची पाने घेताना ती कोणत्या घरातून आली हे विचारलेच नाहीस, असे फोनवर म्हणालास. ते मात्र मनाला लागले.

तुझ्यासारखे व्यवसायातले रसिक पूर्वीही झाले. चीनमध्ये ज्याशिंग गावी श्यांग युआनप्येन (१५२५–१५९०) होऊन गेला. घराणे गहाणवटीच्या धंद्यातले, आणि याला चित्रे व सुलेखन जमवण्याचे वेड. मालकाने चित्रावरच आपला लाल शिक्का उठवायचा, ही तिकडची रीत. याने एकेका चित्रावर इतके शिक्के उठवले की पुढच्या रसिकांनी त्याला नावे ठेवली. पण ओळखीसाठी चित्रांना तो एकेक अक्षर देई आणि कित्येकांवर खरेदीची किंमतही लिहून ठेवी. १६४५ मध्ये मांचू स्वारीत संग्रह लुटला गेला, त्यातले बरेच पुढे मांचू बादशहाकडे पोचले. तरीही कोणते चित्र श्यांगकडे होते, हे अभ्यासकांना आज सांगता येते.

आपल्याकडे पुण्यात दिनकर केळकर. चष्म्यांचे दुकान चालवणारा हा माणूस ‘अज्ञातवासी’ नावाने कविता लिही. गावोगाव हिंडून त्यांनी दिवे, अडकित्ते, दरवाजे, वाद्ये जमवली. पैठणच्या चित्रकथीही त्यांनी सांभाळल्या. लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने संग्रहालय उभे केले आणि १९७५ मध्ये सगळे राज्य सरकारच्या हवाली केले. पुण्यात राहतोस, तर एक अख्खा दिवस तिथे घालव.

आता तू काय करावेस ते सांगतो. एक जाड वही घाल. वस्तू कधी, कोणाकडून, कितीला घेतली, आधी कोणत्या गावी होती, घरची माणसे तिच्याविषयी काय सांगतात, सगळे त्याच दिवशी लिही. चित्रकथीची पाने क्रमाने दाखवत कथा सांगायची असते. सुटे पान घेतलेस तर ते कोणत्या पोथीतले, हे आधी शोध. कागदाला लॅमिनेशन कधीही करू नकोस. ऊन लागू देऊ नकोस. आपल्या आज्या पोथी रुमालात बांधून ठेवत, तेच बरे.

कायदाही नीट समजून घे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरची चित्रे आणि मूर्ती, तसेच पंचाहत्तर वर्षांवरची मोलाची हस्तलिखिते पुरावस्तू ठरतात. जुन्या चित्रांची आणि सचित्र पोथ्यांची नोंदणी करावी लागते, आणि पुरावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाहीत. विक्रेत्याकडे परवाना नसेल तर व्यवहार करू नकोस.

मूर्तीला तर हातच लावू नकोस. आपल्या देगलूरजवळच्या होट्टल गावच्या मंदिरांवर कोणती मूर्ती कोणत्या बाजूला आहे यावरून तिचा अर्थ लावतात. ती तिथून निघाली की तो अर्थ कायमचा जातो, आणि गावाचे देवही.

या रविवारी, ज्याने चित्रकथी दिली त्या विक्रेत्याकडे पुन्हा जा, पाने कुठून आली ते विचार, आणि मला लिहून कळव.

तुझा,
अण्णाकाका